थांबलेल्या गाडीचा हिशेब

गळीत हंगाम भरात आला म्हणजे साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची लांबच लांब रांग लागते. एका बाजूस बैलगाड्या, दुसऱ्या बाजूस ट्रॅक्टर व मालमोटारी, आणि वजनकाट्यापासून थेट रस्त्यापर्यंत वाहनांची दाटी, हे दृश्य पाहून सभासद शेतकऱ्याचे मन सुखावते. कारखान्यास ऊस कमी पडत नाही, गाळप जोरात चालले आहे, असे त्या रांगेवरून समजण्याचा प्रघातच पडून गेला आहे. पाहुण्यांना आवार दाखविताना ही रांग कौतुकाने दाखविली जाते. परंतु थोडा विचार केल्यास असे दिसून येईल की, ही रांग गाळपाच्या वेगाची नव्हे, तर नियोजनातील ढिलाईची खूण होय. रांगेतील प्रत्येक ऊस तोडलेला ऊस आहे. त्याची वाढ संपलेली आहे. त्यात यापुढे एक कणही साखर भरावयाची नाही. उलट त्याचे वजन आणि त्याची गोडी ही दोन्ही घटतच जावयाची.

ऊस मुळापासून तुटला तरी त्याच्या पेशींतील घडामोडी थांबत नाहीत. कांडीतील विकरे उसातील साखरेचे विघटन करून ग्लुकोज व फ्रुक्टोज या साध्या शर्करा तयार करतात. या शर्करांचा कारखान्यात दाणा पडत नाही. त्या मळीबरोबर निघून जातात. कोयत्याने कापलेल्या टोकांतून सूक्ष्म जीवाणू आत शिरतात. त्यांपैकी ल्युकोनोस्टॉक नावाचे जीवाणू साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, त्यायोगे रस बुळबुळीत होतो, गाळणी मंदावते व साखरेचा दाणा नीट वाढत नाही. कांडीतील पाणी उडून वजन घटते ते वेगळेच. फेब्रुवारी उलटून ऊन तापू लागले म्हणजे हा ऱ्हास अधिकच झपाट्याने होतो. यास्तव तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, असा शास्त्रज्ञांचा सल्ला आहे. तो नवा नाही, आणि शेतकऱ्यांस अपरिचितही नाही. बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या यांसाठी वर्ष-दीड वर्ष खपून जी गोडी उसात आणली, ती आवारातील एका रात्रीत गमवावी, यासारखी उधळपट्टी दुसरी नाही.

ही उधळपट्टी किती महागात पडते, याचा अंदाज एका साध्या हिशेबावरून येईल. २०२५-२६ च्या हंगामाकरिता केंद्र सरकारने उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के साखर उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये असा ठरविला. उतारा त्याहून वाढल्यास दर ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे अधिक, आणि घटल्यास, ९.५ टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत, त्याच प्रमाणात कमी, अशी त्यात तरतूद आहे. आता दहा लाख टन ऊस गाळणारा एक कारखाना घ्यावा. त्याचा उतारा केवळ ०.१ टक्क्याने घसरला तर एक हजार टन साखर पोत्यांत पडतच नाही, आणि या दरपत्रकाप्रमाणे सभासदांच्या वाट्याचे ३ कोटी ४६ लाख रुपये उणे होतात. उतारा घटण्याची कारणे अनेक आहेत हे खरे. त्यांपैकी पुष्कळांवर हवामानाचा, जमिनीचा व वाणाचा अंमल चालतो. आवारातील ताटकळणे मात्र सर्वस्वी माणसाच्या हातचे आहे.

काम कोठे अडते आणि अडल्याचे मोल कोण देतो, या प्रश्नाचा विचार जपानातील मोटार कारखानदारीत फार बारकाईने झाला. त्याची सुरुवात, गंमत अशी की, मागावर झाली. साकिची तोयोदा या कल्पक गृहस्थाने १९२४ साली असा स्वयंचलित माग सिद्ध केला की, धागा तुटताच तो आपोआप थांबे. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा माग थांबलेला बरा, हे त्यातील सूत्र होते. त्यांचे पुत्र किइचिरो यांच्या पुढाकाराने १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी निघाली. महायुद्धानंतर ती फार अडचणीत आली. तयार गाड्या विकल्या जाईनात, कर्ज फिटेना. १९५० साली कामगारकपात व संप होऊन किइचिरो यांना अध्यक्षपद सोडावे लागले. भांडवल नाही, कोठारे भरून ठेवण्याची ऐपत नाही, अशा स्थितीत तायची ओहनो या अभियंत्याने कामाची एक निराळी पद्धत हळूहळू बसविली. अमेरिकेतील मोठ्या किराणा भांडारांत गिऱ्हाईक जेवढा माल उचलतो तेवढाच फळीवर पुन्हा मांडला जातो, ही गोष्ट त्याच्या मनात ठसली होती. कारखान्यातही असेच का करू नये? पुढील खात्याने चिठ्ठी पाठवावी आणि मागील खात्याने चिठ्ठीत असेल तेवढेच भाग तयार करावेत. चिठ्ठीवाचून एकही नाही. माल मागून ढकलायचा नाही, पुढून ओढायचा, असे या पद्धतीचे मर्म सांगता येईल.

ओहनो याने कामातील अपव्ययाचे सात प्रकार सांगितले. गरजेपेक्षा अधिक उत्पादन, वाट पाहणे, निष्कारण वाहतूक, निष्कारण प्रक्रिया, साठा, हातापायांच्या फुकट हालचाली आणि सदोष माल, हे ते प्रकार होत. त्यांतही पहिला प्रकार त्याने सर्वांत वाईट मानला. कारण गरजेहून अधिक माल निघाला की साठा, वाहतूक आणि वाट पाहणे ही त्याच्या पाठोपाठ येतातच. पुढे १९८८ साली जॉन क्राफ्सिक या अमेरिकन संशोधकाने या पद्धतीस ‘लीन’ असे इंग्रजी नाव दिले व ते जगभर रूढ झाले. मराठीतील लीन शब्दाशी, म्हणजे नम्रतेशी, त्याचा काही संबंध नाही. अंगावर फाजील मेद नसलेला, सडसडीत, असा त्याचा अर्थ; आणि पिळदार बैलाची पारख करणाऱ्या शेतकऱ्यास तो समजावून सांगावा लागू नये.

मोटारीच्या कारखान्यातील हा विचार उसास कसा लागू पडावा, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर कोल्हापूरच्या गुऱ्हाळात सापडते. गुऱ्हाळमालक दिवसभरात किती आदणे काढावयाची हे आधी ठरवितो, आणि तेवढ्याच रसापुरता ऊस तोडावयास सांगतो. घाण्यावर ऊस थोडा, शेतात उभा ऊस पुष्कळ, असा तेथे शिरस्ता असतो. शिळ्या उसाच्या रसाचा गूळ चांगला होत नाही, रंग उतरतो, ढेप नीट बसत नाही, हे गुळव्यास एका आदणातच कळून येते आणि तो तत्काळ ओरडतो. काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या आणि फडात कोयता चालविणारा मजूर यांच्यामध्ये अंतर हाकेचे आहे. चुलवाणात काही बिघाड झाला तर निरोप लगेच फडात पोहोचतो आणि कोयते थांबतात. कोणतेही इंग्रजी वा जपानी नाव न देता ओहनोची चिठ्ठी या गुऱ्हाळांत पूर्वीपासून चालत आलेली आहे. साखर कारखान्यात ऊस शेकडो पटींनी वाढला, अंतर वाढले, आणि मधली हाक तेवढी हरवली.

रांगेविषयी एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९६१ साली जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने तो गणिताने सिद्ध केला; परंतु समजण्यास तो अगदी सोपा आहे. रांगेत सरासरी जितका माल उभा असेल, त्यास तासाला जितका माल पुढे सरकतो त्याने भागले की प्रत्येकास सरासरी किती तास थांबावे लागते ते निघते. दिवसाला ४,८०० टन ऊस गाळणारा कारखाना तासाला २०० टन गाळतो. आवारात सरासरी २,४०० टन ऊस उभा असेल तर प्रत्येक गाडीस सरासरी १२ तास थांबणे आले. आवारात १,००० टनच ऊस राहील अशी व्यवस्था केली तर थांबणे ५ तासांवर येते. दोन्ही वेळी कारखाना तितकाच ऊस गाळतो, तितक्याच वेगाने गाळतो. फरक एवढाच की, दुसऱ्या वेळी १,४०० टन ऊस आवारात वाळण्याऐवजी शेतात उभा आहे, आणि ते सात तास उसाने रांगेत नव्हे तर मुळांवर काढले आहेत. रांग मोठी केल्याने गाळप वाढत नाही, ही गोष्ट इतकी उघड असूनही ती कारखान्याच्या सभांत क्वचितच बोलली जाते. चर्चा होते ती वाहने वाढविण्याची, टोळ्या वाढविण्याची, फार तर गाळपक्षमता वाढविण्याची. क्षमता वाढली तरी तोडीची पद्धत तीच राहिल्यास आणखी मोठी रांग तेवढी उभी राहते.

मग रांग का लागते? तीमागे एक भीती आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. ऊस नाही म्हणून मिल थांबली तर बाष्पकापासून उकळ-पात्रांपर्यंत सर्वच यंत्रणेचा ताल बिघडतो, इंधन फुकट जाते, आणि दुसऱ्या दिवशी शेतकी अधिकाऱ्यास जाब द्यावा लागतो. आवारात ऊस तुंबला म्हणून मात्र कोणालाही जाब द्यावा लागत नाही. ज्या चुकीची शिक्षा होते ती टाळण्यासाठी, जिची शिक्षा होत नाही ती चूक माणूस खुशाल करतो. त्यातून प्रत्येक गट कार्यालय आपल्या बाजूने थोडा अधिक ऊस तोडून ठेवते. दहा गटांनी थोडा थोडा अधिक तोडला की आवारात बारा तासांची रांग तयार होते. शिवाय तोड पहाटे सुरू होते, वाहने दुपारनंतर भरून निघतात, आणि संध्याकाळी सर्वच दिशांनी एकदम येऊन थडकतात. गव्हाण मात्र रात्रंदिवस सारख्याच गतीने चालते. रात्रीच्या गाळपापुरता काही साठा आवारात असणे अपरिहार्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. प्रश्न साठा असावा की नसावा हा नसून तो किती असावा आणि तो कोणी मोजून ठरविला आहे काय, हा आहे. बहुतेक ठिकाणी तो मोजून ठरविलेला नसतो. तो साचलेला असतो.

या साचण्याचे मोल कोण देतो, हे पाहू लागले म्हणजे रांग इतकी वर्षे का टिकली याचा उलगडा होतो. ती कारखान्याच्या जमाखर्चात कोठेही दिसत नाही. ऊसतोड मजुरास मोबदला टनावर मिळतो, तासावर नव्हे. बैलगाडीवाला मजूर रात्रभर आवारात बसला तर त्या रात्रीचे त्यास काही मिळत नाही. बैल उभे, माणूस जागा, आणि सकाळी फडात परत जावयास उशीर झाल्यामुळे दुसऱ्या दिवसाची खेपही बुडालेली. बीडकडून वा अन्य दुष्काळी भागांतून मुकादमाची उचल घेऊन आलेले जोडपे ही उचल हंगामात फेडण्याच्या विवंचनेत असते. कमी खेपा म्हणजे उचल न फिटणे, आणि उचल न फिटणे म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे बांधले जाणे. कारखान्याच्या दारातील थांबलेल्या तासांचा असा धागा त्या कुटुंबाच्या पुढील वर्षापर्यंत जाऊन पोहोचतो. कोपीत ठेवून आलेल्या लेकराकडे आई किती वाजता परतते, हेही या रांगेवरच ठरते.

ट्रॅक्टर व मालमोटारीचा मालक आपले नुकसान भाड्यात धरतो. एका दिवसात दोन खेपा होण्याऐवजी एकच होत असेल, तर त्यास तेवढ्यावरच हप्ते फेडावयाचे असतात. साहजिकच वाहतुकीचे दर चढे राहतात. महाराष्ट्रात तोडणी व वाहतूक कारखाना करवितो आणि तो खर्च उसाच्या बिलातून वजा होतो. म्हणजे थांबलेल्या मालमोटारीचे भाडे अखेरीस शेतकरीच भरतो. वाळलेल्या उसाचे घटलेले वजनही त्याचेच, कारण काटा आवारात आहे, शेतात नाही. उतारा घटल्याचा फटका सर्व सभासदांत वाटला जातो. अशा रीतीने रांगेचा खर्च मजूर, वाहनमालक आणि शेतकरी या तिघांत विभागून इतका विखुरतो की कोणासच तो एकत्र दिसत नाही. आणि जे रांग कमी करू शकतात त्यांना तो द्यावा लागत नाही.

खाजगी कारखानदारीत असे घडले तर समजण्यासारखे आहे. परंतु सहकारी कारखान्यांचे काय? विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे १९५०-५१ च्या हंगामात सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा त्यामागे ऊस पिकविणाराच कारखान्याचा मालक व्हावा ही दृष्टी होती. मालक दारात रात्रभर ताटकळत आहे आणि त्याची नोंद त्याच्याच वार्षिक अहवालात नाही, ही विसंगती सहकारास शोभणारी नाही. गाळपाचे टन, उतारा, साखरेची पोती यांचे आकडे अहवालात असतात. तोडीपासून गाळपापर्यंत सरासरी किती तास गेले, हा आकडा मात्र शोधूनही सापडत नाही. जे मोजले जात नाही ते सुधारत नाही. आणि येथे मोजणी अवघडही नाही. गाडीबरोबर जी स्लिप येते तीवर शेतकऱ्याचे नाव, गट, वाण, लागणीचा प्रकार हे सर्व लिहिलेले असते. तीवर तोड संपल्याची वेळ लिहिण्यास कितीसा वेळ लागणार? काट्यावर भरल्या गाडीची वेळ आपोआपच नोंदली जाते. गव्हाणीत ऊस पडल्याची वेळ रिकाम्या गाडीच्या वजनावरून निघते. एवढ्या तीन वेळांतून सर्व चित्र उभे राहते: ऊस फडात किती थांबला, वाटेत किती गेला, आवारात किती सुकला. पुष्कळदा असेही आढळून येईल की, अधिक वेळ आवारात नव्हे तर फडातच गेला, मोळ्या बांधून पडल्या होत्या आणि वाहन आले नव्हते. दोष नेमका कोठे आहे हे कळल्यावाचून उपाय करणे म्हणजे पाणी कोठे फुटले हे न पाहता पाटावर बांध घालीत सुटणे होय.

वेळा हाती आल्या म्हणजे काही सुधारणा पैसा न खर्चिता करता येतात. आवारात ‘आधी आला त्याचा नंबर आधी’ हा नियम न्याय्य वाटतो. परंतु उसाच्या दृष्टीने आधी तोडला तो आधी गाळणे योग्य होय. काल दुपारी तोडून लांबून आलेला ऊस आणि आज सकाळी तोडून शिवारालगतच्या गावातून आलेला ऊस यांना एकच मोजमाप लावून चालणार नाही. अर्थात हा नियम लावताना आज आलेला बैलगाडीवाला मागे पडत राहील, हेही पाहिले पाहिजे. त्याच्यासाठी वेगळी वेळ राखून ठेवणे हा त्यावर इलाज आहे. प्रत्येक गटास येण्याची वेळ नेमून दिल्यास संध्याकाळची दाटी ओसरेल. लांबच्या गटांनी सकाळी लवकर भरून दुपारी पोहोचावे, जवळच्यांनी उशिरा तोडून रात्रीच्या गाळपास ऊस द्यावा, अशी वाटणी करता येते. बैलगाडीवाल्यांस दिवसाउजेडी मोकळे करावे आणि रात्रीची पाळी मोटारींना द्यावी, हे माणुसकीला धरून आहे, आणि रस्त्यावरील अपघात टाळण्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

सर्वांत महत्त्वाची सुधारणा मात्र निरोपाची आहे. मिलमध्ये बिघाड होऊन गाळप सहा तास बंद पडले, हे यांत्रिक विभागास पहिल्या मिनिटास कळते. शेती विभागास ते कळावयास वेळ लागतो, गट कार्यालयास त्याहून, आणि फडातील टोळीस तर बहुधा आवारात येऊन रांग पाहिल्यावरच कळते. तोपर्यंत कोयते चालूच असतात. साकिची तोयोदाचा माग धागा तुटताच थांबत असे. येथे धागा तुटूनही माग विणतच राहतो. आज मुकादमाच्या व चालकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. बिघाड झाल्याबरोबर सर्व गटांस ‘तोड थांबवा’ असा एक संदेश जावा, आणि तो देण्याचा अधिकार पाळीवरील अभियंत्यास असावा, वरिष्ठांच्या संमतीची वाट पाहत तो अडून राहू नये. हुकूम पाळणाऱ्या टोळीची त्या दिवसाची मजुरी बुडता कामा नये, हे उघड आहे. नाहीतर संदेश येऊनही कोयता थांबणार नाही, आणि त्याबद्दल मजुरास बोल लावणे अन्यायाचे होईल. अशा थांबलेल्या तासांचा काही मोबदला कारखान्याने द्यावा. तो दिला म्हणजेच थांबणे प्रथमच कारखान्याच्या जमाखर्चात दिसू लागेल, आणि खर्चात दिसू लागलेली गोष्ट कमी करण्यास व्यवस्थापनास स्मरण करून द्यावे लागत नाही.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. सडसडीत कामाचे नाव पुढे करून माणसे कमी करणे आणि उरलेल्यांकडून दुप्पट काम घेणे, असा या पद्धतीचा दुरुपयोग जगात पुष्कळ ठिकाणी झालेला आहे. अपव्यय काढून टाकावयाचा तो कामातून. काम करणाऱ्याच्या विसाव्यातून नव्हे. जपानी पद्धतीतही माणसावर वा यंत्रावर सोसवेल त्याहून अधिक भार टाकणे हा अपव्ययाइतकाच दोष मानलेला आहे, आणि कामाच्या ओघातील चढउतार हा तिसरा दोष. साखळीवर काम करणाऱ्या साध्या कामगारासही दोष दिसताच दोरी ओढून काम थांबविण्याची मुभा तेथे आहे. आवारातील सात तास वाचले म्हणून मजुराने आणखी एक खेप टाकलीच पाहिजे, असा हिशेब कोणी मांडू लागल्यास तो धुडकावून लावावा. खेप टाकावयाची की कोपीवर जाऊन निजावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शेतकऱ्यांनीही या बाबतीत आपल्याकडे पाहणे आवश्यक आहे. रांगेचा दोष कारखान्यावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तोडीचा कार्यक्रम मोडण्यात शेतकऱ्यांचा वाटा लहान नाही. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा यांच्या लागणीच्या तारखा आणि उसाची पक्वता पाहून तोडीचा क्रम आखलेला असतो. प्रत्येकास मात्र आपला फड आधी रिकामा व्हावा असे वाटते. गहू-हरभरा पेरावयाचा असतो, विहिरीचे पाणी आटत आलेले असते, घरात लग्न असते. कारणे खरी असतात. मग ओळखीच्या संचालकामार्फत तोड आणली जाते. एका फडासाठी टोळी दहा कोस उचलून नेली की तिचा दिवस वाटेत जातो, आधीच्या फडातील अर्धी तोड पडून राहते, आणि कार्यक्रमात जो खळगा पडतो तो भरण्यासाठी दुसऱ्या गटास घाईने जादा ऊस तोडावयास सांगितले जाते. रांगेचा जन्म पुष्कळदा असा होतो. काही ठिकाणी तोड लवकर मिळावी म्हणून फडास आग लावण्यापर्यंत मजल जाते. जळीत ऊस हिरव्या उसापेक्षा फार लवकर बिघडतो, म्हणून तो सर्वांच्या आधी न्यावा लागतो, आणि एकाच्या उतावळेपणाची किंमत पन्नास जणांचा ऊस आवारात थांबून भरतो. वशिल्याने मिळालेली तोड ही फुकट मिळालेली नसते. ती शेजाऱ्याच्या उसातून काढून घेतलेली असते.

शेतीत निसर्गाची लहर चालते, तेथे मोटारीच्या कारखान्यातील शिस्त टिकणार नाही, हा आक्षेप नेहमीचा आहे. पाऊस आला की वाट बंद, हे खरेच. परंतु टोयोटा कंपनीनेच २०१४ साली आपल्या कामाच्या पद्धतीवर आधारलेले एक साधन जपानातील भातशेती करणाऱ्या संस्थांसाठी तयार केले. विखुरलेल्या शेकडो खाचरांत आज कोठे कोणते काम करावयाचे, कोणास पाठवावयाचे आणि रोपे किती लागणार, हे ठरविण्यास ते उपयोगी पडते. भाताच्या खाचरांवर पाऊस पडत नाही असे नाही. अनिश्चितता अधिक तितकी निरोपाची गरज अधिक, एवढाच त्यातून निष्कर्ष निघतो. महाराष्ट्रात तर ही निकड वाढतच जाणार आहे. मजुरांची टंचाई भासू लागल्याने ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत, आणि ही यंत्रे उसाचे लहान लहान तुकडे करतात. अखंड उसास दोन टोके असतात. तुकड्यांच्या ढिगास असंख्य. जेवढी कापलेली टोके अधिक तेवढा जीवाणूंचा शिरकाव अधिक, म्हणून यंत्राने तोडलेला ऊस हाताने तोडलेल्यापेक्षा कितीतरी लवकर खराब होतो. लाखो रुपयांचे यंत्र आणून त्याचा ऊस जुन्याच रांगेत उभा करावयाचा असेल, तर यंत्राने मिळविलेले रांग गमावून बसेल.

या सर्वांचा आरंभ संपूर्ण कारखान्यापासून करण्याचे कारण नाही. एक गट निवडावा, ज्याचा शेतकी अधिकारी उत्साही आहे आणि ज्यातील मुकादम विश्वासाचे आहेत असा. पंधरा दिवस काहीही न बदलता केवळ तीन वेळा लिहून घ्याव्यात. त्यांची सरासरी खडूने एका फलकावर रोज सकाळी गट कार्यालयाच्या दारात लिहावी: काल तोडलेला ऊस गव्हाणीत पडावयास इतके तास लागले; त्यांपैकी फडात इतके, वाटेत इतके, आवारात इतके. पुढील पंधरा दिवस त्या गटास आवारात येण्याची वेळ नेमून द्यावी, बिघाडाचा संदेश त्या गटाच्या मुकादमांपर्यंत थेट जाईल अशी सोय करावी, आणि फलकावरील आकडा पाहत राहावे. फलक सभासदांस वाचता येईल अशा उंचीवर टांगावा, आणि आकडा वाढला असेल त्या दिवशीही तो पुसू नये.